खाण तशी माती?

प्रत्येक भाषेच्या पोटात काही निकाल आधीच लिहून ठेवलेले असतात. 'खाण तशी माती', 'बाप तसा बेटा', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही वाक्ये आपण सहज उच्चारतो आणि ऐकणाराही सहज मान डोलावतो. त्यांना साक्षीपुरावा लागत नाही. बाबेलच्या बंदिवासाच्या काळात असाच एक तयार निकाल इस्राएल लोकांच्या तोंडी होता. आंबट द्राक्षे खाल्ली वडिलांनी आणि दात आंबले ते मुलांचे, अशा आशयाची ती म्हण. यिर्मयाच्या ३१ व्या आणि यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात तिचा उल्लेख आहे. दोन्ही संदेष्ट्यांनी ती जशीच्या तशी लोकांपुढे ठेवली आणि यापुढे ती कोणाच्या मुखी असणार नाही असे परमेश्वराच्या नावाने सांगितले.

ही म्हण मराठीत आणताना भाषांतरकाराला कष्ट पडत नाहीत. दात आंबणे हा अनुभव आपला आहे आणि शब्दही आपला आहे. विचार करावा लागतो तो पुढच्या प्रश्नाचा. परमेश्वराने एखादी म्हण बंद का करावी? ती सर्वस्वी खोटी होती म्हणून नव्हे. आईबापांच्या करणीची फळे मुले भोगतात, हे बंदिवासात जन्मलेल्या पिढीइतके कोणी जाणले असेल? परंतु त्या म्हणीतून बंदिवानाला स्वतःविषयी एक सबब मिळत होती आणि दुसऱ्याविषयी एक आरोप मिळत होता. सबब अशी की, माझ्या वागण्याचा जाब मला विचारू नका. आरोप असा की, तू कोणाचा आहेस हे कळले, आता तू काय करतोस हे पाहण्याची गरज नाही.

मानवी वर्तन आणि आनुवंशिकता यांचा संबंध शोधणारे संशोधन गेल्या शतकापासून चालू आहे. त्याची भाषा म्हणीपेक्षा फार सावध आहे. तरीही प्रयोगशाळेत जे 'शक्यता' म्हणून लिहिले जाते ते वर्तमानपत्रापर्यंत, न्यायालयापर्यंत आणि घराच्या ओसरीपर्यंत पोहोचेतो पुन्हा म्हण होऊन बसते. म्हणून या संशोधनाचा नैतिक विचार ख्रिस्ती माणसाने टाळू नये.

प्रथम विज्ञानाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. स्वभावावर आनुवंशिकतेचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे आज शक्य नाही. १९९३ साली हान्स ब्रुनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील काही पुरुषांत बुद्धीची मंदता आणि अनावर आक्रमकता दिसून येत होती. त्यांच्या एका जनुकातील दोषामुळे मेंदूतील रसायनांचे विघटन करणारे 'एमएओए' हे विकर तयारच होत नव्हते. २००२ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातील अभ्यास पुढे आला. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांची वाढ वर्षानुवर्षे नोंदवली गेली होती. याच जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार ज्यांच्यात होता आणि ज्यांना बालपणी मारहाण व छळ सोसावा लागला होता, असे मुलगे मोठेपणी समाजविघातक वागण्याकडे अधिक झुकलेले आढळले. जनुक तेच, पण बालपण सुरक्षित, अशा मुलग्यांत हा कल तसा दिसला नाही. नंतरच्या सर्व अभ्यासांत हा निष्कर्ष सारख्याच स्पष्टतेने आला नाही. आज संशोधक एखाद्या 'गुन्ह्याच्या जनुका'विषयी बोलत नाहीत. ते अत्यल्प परिणाम करणाऱ्या शेकडो-हजारो जागांविषयी बोलतात. २०१८ साली ११ लाख लोकांच्या माहितीवरून शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित अशा १,२७१ जागा सापडल्या. त्या अभ्यासातील संपूर्ण जनुकीय माहिती एकत्र करून गुणांक काढला, तरी माणसामाणसांतील शिक्षणाच्या फरकापैकी केवळ ११ ते १३ टक्के भागाचा उलगडा झाला.

येथे 'आनुवंशिकतेचा वाटा' या शब्दप्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्वारीचे मिश्र बियाणे एकाच जमिनीत पेरले आणि काही ताटे उंच, काही खुजी झाली, तर तो फरक मुख्यतः बियाण्याचा. तेच बियाणे अर्धे काळ्या जमिनीत व अर्धे मुरमाड जमिनीत पेरले, तर दोन शेतांमधील तफावत जमिनीची. शेताच्या आतला फरक बियाण्याचा आहे, म्हणून दोन शेतांमधला फरकही बियाण्याचाच, असे अनुमान काढणारा शेतकरी आपल्याला हसू आणील. परंतु माणसांच्या जातीजमातींविषयी, वंशांविषयी हेच अनुमान विद्वानांनी अनेकदा काढले आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने बी एकच ठेवले आणि भेद जमिनीचा दाखवला, हे अशा वेळी आठवावे.

या चुकीच्या अनुमानाची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या इतिहासात आहे. कॅरी बक ही मुलगी लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी वाढत होती. तिची आई 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत ठेवलेली होती. कॅरीवर ती राहत असलेल्या घराच्या एका नातलगाने बलात्कार केला आणि ती गरोदर राहिली. त्या घराने तिलाही १९२४ साली 'मंदबुद्धी' म्हणून त्याच संस्थेत धाडले. तिची मुलगी काही महिन्यांची असताना, ते बाळ चारचौघांसारखे दिसत नाही, अशी साक्ष न्यायालयात देण्यात आली. अशा रीतीने आजी, आई आणि नात या तीन पिढ्यांत एकच दोष उतरल्याचे सिद्ध झाले, असे मानले गेले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. नऊ न्यायाधीशांपैकी केवळ एकाने विरोध केला. व्हर्जिनियात पुढे आठ हजारांच्या आसपास स्त्रीपुरुषांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. ज्या बाळाविरुद्ध साक्ष झाली होती ती व्हिव्हियन शाळेत गेली. तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आले होते. आठ वर्षांची असताना, १९३२ साली, ती आजारपणात वारली. राज्याच्या गव्हर्नरांनी क्षमा मागितली ती २००२ साली, म्हणजे निकालाला पंचाहत्तर वर्षे झाल्यावर.

यहेज्केलाच्या त्याच अध्यायातही तीन पिढ्यांचा हिशेब आहे. बाप नीतिमान, त्याचा मुलगा रक्तपात करणारा आणि त्या मुलाचा मुलगा पुन्हा नीतिमान. संदेष्टा प्रत्येकाला स्वतंत्रपणे उभे करतो आणि प्रत्येकाच्या कृती एकेक करून मोजतो: भुकेल्याला अन्न दिले की नाही, गहाण परत केले की नाही, गरिबाला नाडले की नाही. न्याय कृतीनंतर येतो. कॅरीच्या मुलीचा न्याय मात्र ती पाळण्यात असतानाच झाला होता.

हे परदेशातले उदाहरण म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडू नये. आपल्या देशात १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा या जमातींत गुन्हा हा पिढीजात धंदाच, असा विचार त्याच्या मुळाशी होता. १९११ नंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींतील माणसांना नोंदणी, हजेरी आणि कुंपणाआडची वस्ती हे जन्मानेच प्राप्त होऊ लागले. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही वस्तीचे नाव म्हणून टिकून आहे. देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण पोलीस ठाण्यातील आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतील संशय गेला नाही.

या इतिहासात ख्रिस्ती मंडळीची जागा कोठे होती? १९०८ पासून उत्तरेत व पुढे इतरत्रही मुक्तिफौजेने अशा वसाहतींचा कारभार सरकारकडून आपल्याकडे घेतला. फ्रेडरिक बूथ-टकर आणि त्यांचे सहकारी माणूस बदलू शकतो या विश्वासाने तेथे गेले होते. त्यांनी काम दिले, शाळा काढल्या. सरकारच्या विचारापेक्षा त्यांचा विश्वास निःसंशय मोठा होता. परंतु ज्याने अद्याप काही केलेले नाही त्याला कुंपणात ठेवण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे, हा प्रश्न किल्ल्या हाती असलेल्यांनी पुरेसा विचारला नाही. अमेरिकेत तर १९२६ साली सुप्रजननाच्या पुरस्कर्त्यांनी त्या विषयावरील उत्तम उपदेशांना बक्षिसे जाहीर केली आणि कित्येक पाळकांनी आपले उपदेश स्पर्धेला पाठवले. रोमन कॅथलिक मंडळीने १९३० साली पोप पायस अकरावे यांच्या परिपत्रकाद्वारे सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संशोधकाचा हेतू शुद्ध असला म्हणजे सर्व शुद्ध होते, असेही नाही. १९६५ साली पॅट्रिशिया जेकब्स यांनी स्कॉटलंडमधील कारस्टेअर्स येथील सुरक्षा-रुग्णालयातील १९७ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. पुरुषात सामान्यतः एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. येथे सात जणांत एक वाय जास्त आढळले. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण हजारात एक असे आहे. अल्पावधीतच 'गुन्हेगारी गुणसूत्र' हा शब्द रूढ झाला. १९६८ साली बॉस्टनमधील एका प्रसूतिरुग्णालयात नवजात मुलग्यांची तपासणी करून अशा मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवण्याचे काम सुरू झाले. आता आईला काय सांगावे? मूल पाळण्यात आहे. खरे सांगितले, तर त्याने पहिले खेळणे आपटताच आईच्या मनात भीती उभी राहील, आणि भीतीच्या नजरेखाली वाढलेले मूल बिघडले तर ते गुणसूत्राने की नजरेने, हे कोण सांगणार? न सांगावे, तर आईची फसवणूक होते. तीव्र टीकेनंतर १९७५ साली ही तपासणी थांबली. १९७६ साली डेन्मार्कमधील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार हजारांहून अधिक उंच पुरुषांच्या तपासणीत असे बारा जण आढळले. त्यांतील पाच जणांना कधीतरी शिक्षा झालेली होती, पण ते अधिक हिंसक असतात याला आधार मिळाला नाही. दरम्यान दहा वर्षे किती मुलग्यांकडे संशयाने पाहिले गेले असेल, याचा हिशेब कोणत्याही नियतकालिकात छापला गेलेला नाही.

संमतीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची आदिवासी जमात राहते. तिची लोकसंख्या काही शेकड्यांत आहे. जमातीत मधुमेह फार वाढला होता. म्हणून १९९० पासूनच्या काही वर्षांत ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी आपले रक्त दिले. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील विवाह आणि जमातीचे मूळ स्थान यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. जमातीला हे २००३ साली कळले. संमतिपत्रावर व्यापक शब्द होते, सह्याही होत्या. परंतु लोकांनी होकार दिला होता तो आपल्या मधुमेहाच्या दुःखाला. आपल्याला वेडाचे आणि अंतर्विवाहाचे नाव चिकटावे यासाठी नव्हे. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. जमातीचे लोक आपले रक्त घेऊन दरीत परतले. प्राण रक्तात असतो हे लेवीयाच्या पुस्तकातून शिकलेल्या वाचकाला त्यांची ही भावना समजावून सांगावी लागू नये.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. ख्रिस्ती मतच मुळी पाप वारशाने येते असे सांगत नाही काय? आदामापासून सर्वांना मरण आले असे पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो. मग जनुकशास्त्राला आपण कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

याचे उत्तर 'सर्वांना' या शब्दात आहे. मूळ पापाची शिकवण कोणालाही वगळत नाही. ती तपासणाऱ्यालाही तपासल्या जाणाऱ्याच्या रांगेत उभे करते. न्यायाधीश, वैद्य, पाळक आणि पारध्याचे पोर यांचा आदाम एकच आहे. ज्या क्षणी एखादा म्हणतो की पाप 'त्यांच्या' रक्तात आहे, त्या क्षणी त्याने ही शिकवण सोडून दिली आणि स्वतःला तिच्यातून वगळले. शिवाय पौल आदामाचे नाव घेतो ते ख्रिस्ताकडे जाण्यासाठी. वारशाचे वर्णन तेथे कृपेच्या वाटेवर येते, शेवटचा शब्द म्हणून येत नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातही पापाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मोजला आहे आणि दया हजारांपर्यंत. त्या काळी तीन-चार पिढ्या एकाच छपराखाली राहत, एकाच चुलीवर जेवत. म्हणजे बापाच्या पापाची धग पोहोचते तेथपर्यंतचाच तो हिशेब आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. २००९ साली इटलीतील त्रिएस्ते येथील न्यायालयाने खुनाच्या एका आरोपीची शिक्षा, त्याच्या जनुकांविषयीचा पुरावा विचारात घेऊन, एक वर्षाने कमी केली. ही दया वाटते, आणि माणसाची झुंज त्याच्या प्रकृतीशी किती कठीण होती हे न्यायाने पाहावे हे योग्यच आहे. परंतु हाच पुरावा उद्या उलट वापरता येईल: याचे रक्तच असे असेल, तर याला कधीही सोडू नका. माणसाकडून त्याचा अपराध पूर्णपणे काढून घेतला की त्याचा पश्चात्तापही काढून घेतला जातो. जो वेगळे वागू शकत नव्हता त्याच्यासाठी मागे वळण्याची वाटही नाही. यहेज्केलाचा अध्याय संपतो तो मागे फिरण्याच्या हाकेने. ती हाक केवळ उत्तर देऊ शकणाऱ्यालाच मारता येते.

तेव्हा संशोधन थांबवावे काय? तसे मला वाटत नाही. दुःखाची मुळे शोधणे हे प्रेमाचे काम असू शकते. भारतातही 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातील विविध समाजांतील दहा हजार लोकांच्या जनुकीय आराखड्यांची नोंद झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. तिचा मुख्य उद्देश आरोग्याचा आहे, आणि तो स्तुत्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे समजून दिलेल्या संमतीचा आग्रह धरतात. आपल्या मंडळीतील कोणाकडे उद्या नमुना मागितला गेला, तर त्याने आनंदाने द्यावा. पण विचारावे: हे कशासाठी? पुढे आणखी कशासाठी वापरले जाईल, आणि तेव्हा पुन्हा विचाराल काय? निष्कर्षाबरोबर माझ्या समाजाचे नाव छापले जाईल काय? आणि जे सापडेल त्याचा उपयोग कोणाला मदत पोहोचवण्यासाठी होईल की कोणावर पाळत ठेवण्यासाठी? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ड्युनेडिनच्या अभ्यासाचा एक अर्थ असा की, दुर्बळ जनुकाच्या मुलाला शोधून त्याच्यावर नजर ठेवा. दुसरा अर्थ असा की, कोणत्याही मुलाला मारहाण होऊ देऊ नका. दुसऱ्या अर्थासाठी कोणाचेही रक्त तपासावे लागत नाही.

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू हे दोन्ही पर्याय नाकारतो आणि लगेच त्या माणसासाठी काय करायचे आहे त्याकडे वळतो. माती कालवतो, डोळ्यांना लावतो, त्याला तळ्याकडे पाठवतो. शिष्यांची नजर मागे होती, प्रभूची पुढे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही, तो आपल्या घरांतही आहे. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याने २००० नंतर दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. तरी मूल घरी आणले की नातलग हळूच विचारतात, कोणाचे आहे? रक्त कसले आहे? पुढे ते मूल चौदा-पंधरा वर्षांचे होते, एखाद्या दिवशी खोटे बोलते, दार आपटून निघून जाते. हेच पोटच्या मुलाने केले तर आपण वयाला दोष देतो. दत्तक मुलाने केले तर रक्ताला. त्या मुलाला हा निकाल कोणी वाचून दाखवत नाही, पण तो त्याला ऐकू येतो.

अशा घरात पौलाचा एक शब्द मोठ्याने वाचावा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आपण ज्याला दत्तकपण म्हणतो, तेथे ग्रीकमध्ये 'हुइओथेसिया' असा शब्द आहे. 'पुत्र' आणि 'ठेवणे' या दोन पदांचा तो बनला आहे. जो पुत्र म्हणून जन्मला नाही त्याला पुत्राच्या जागी ठेवणे. मंडळीतील कोणीही याहून निराळ्या दाराने आत आलेला नाही. आपले रक्त कोणते होते हे देवाला ठाऊक होते आणि तरीही त्याने आपल्याला वारसांत बसवले. ज्यांना असे बसवले गेले आहे, त्यांनी दुसऱ्याच्या लेकराकडे पाहून 'खाण तशी माती' म्हणू नये.